बाबा कशाने गेले?

मोहदरी घाट चढताना छातीत जळजळतं, हे मी महिनाभर कुणाला सांगितलं नव्हतं. त्यात सांगण्यासारखं काही आहे असं वाटलंच नव्हतं. रविवारी पहाटे साडेपाचला आमचा दहाबारा सायकलवाल्यांचा गट नाशिकच्या द्वारका चौकातून निघतो, नाशिकरोड, पळसे, शिंदे करत सिन्नर गाठतो आणि परतताना कुठेतरी मिसळीवर बसतो. घाट लागला की छातीच्या बरोबर मधोमध, मंगळसूत्राच्या वाट्या टेकतात तिथे, चटका बसायचा. पाच-सात मिनिटं राहायचा, मग आपोआप विरायचा. वर पोचेपर्यंत मी तो विसरूनही जायचे. शनिवारचं रात्रीचं जेवण अंगावर आलं असेल, पित्त असेल. पर्समध्ये पित्ताच्या गोळ्यांची पट्टी असतेच. मार्चएंडला आमच्या खात्यात ती सगळ्यांकडेच असते.

मी सातपूर एमआयडीसीतल्या एका छोट्या कंपनीत अकाउंट्स बघते. वय सत्तेचाळीस. सायकल हातात घेतली ती चाळिशीत. २०१५ साली महाजन डॉक्टर बंधूंनी अमेरिका आडवी पार करणारी ‘रॅम’ शर्यत पुरी केली आणि नाशकात सायकलचं वारं शिरलं, त्या वाऱ्यात मीही उशिरा का होईना सापडले. खरं तर सायकल घरातच होती. बाबा नाशिकरोडच्या प्रेसमध्ये कामाला, घरून प्रेस आणि प्रेसहून घर, ऊन असो पाऊस असो, सायकलवरच. त्यामुळे सायकल चालवणाऱ्या माणसाला काही होत नाही, असं एक माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं. बाबा एकोणपन्नासाव्या वर्षी गेले, १९९४ साली. ही दोन वाक्यं मी आयुष्यात कधी शेजारी शेजारी ठेवून पाहिली नव्हती. हिशेबाचं काम करणाऱ्या बाईने ही तफावत धरायला हवी होती.

यंदा जूनमध्ये नाशिक-पंढरपूर सायकल वारी करायचीच असं ठरवलं होतं. सव्वातीनशे-साडेतीनशे किलोमीटर, तीन दिवस. सराव जानेवारीपासून सुरू होता. फेब्रुवारीत एक प्रकार घडला. आमच्यातले एक काका, बावन्न वर्षांचे, सकाळी गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर चालता चालता खाली बसले ते आडवेच झाले. सुदैवाने मागून एक नर्सबाई चालत येत होत्या. त्यांनी क्षणाचाही विचार न करता गुडघे टेकले आणि छाती दाबायला सुरुवात केली. बाकीचे आम्ही “पाणी आणा, कांदा हुंगवा” करत उभे. काका वाचले, दोन स्टेंट बसले. दोनच महिन्यांपूर्वी त्यांनी पॅकेजमधलं फुल बॉडी चेकअप केलेलं, त्यात ईसीजी नॉर्मल. ती फाइल त्यांच्या घरात अजून आहे, रंगीत आणि गुळगुळीत.

मग आमच्या गटातल्या ज्येष्ठांनी फर्मान काढलं, की वारीला येणाऱ्या चाळिशीपुढच्या प्रत्येकाने आधी हार्टच्या डॉक्टरला दाखवून सर्टिफिकेट आणायचं. सर्टिफिकेट म्हटल्यावर मला मागचा अनुभव आठवला. तीन-चार वर्षांपूर्वी एका दहा किलोमीटरच्या धावण्यासाठी असंच पत्र लागलं होतं. घराजवळच्या दवाखान्यात गेले, डॉक्टरांनी वर न बघता विचारलं, “काही त्रास नाही ना?” मी नाही म्हटलं. त्यांनी सही-शिक्का केला, मी दोनशे रुपये दिले. बीपीचा पट्टासुद्धा टेबलावरच राहिला. त्या वेळी मला ते फार सोयीचं वाटलं होतं, हेही कबूल करते.

या वेळी मात्र कार्डिऑलॉजिस्टकडे गेले. बाई होत्या, माझ्याच वयाच्या असतील. मला वाटलं होतं, आत गेल्या गेल्या वायरी लावतील. तसं काही झालं नाही. त्यांनी कोरा कागद ओढला आणि प्रश्न सुरू केले. व्यायाम करताना कधी छातीत दुखतं, दडपण येतं? कधी भोवळ येऊन पडलात? बरोबरच्यांच्या मानाने तुम्हाला लवकर धाप लागते का? धडधड? लहानपणी कुणी सांगितलं होतं का, की हृदयात आवाज येतो? बीपी? कुणी कधी खेळू नको म्हणालं होतं? मी पटापट नाही-नाही करत होते, फॉर्मवर टिका मारतात तसं.

“वडील?”

“नाहीत. मी सोळाची होते.”

“कशाने गेले?”

“अचानक. झोपेत.”

“वय?”

“एकोणपन्नास.”

पेन थांबलं. त्यांनी वर पाहिलं आणि शांतपणे म्हणाल्या, “ताई, अचानक हे कारण नसतं. अचानक कशाने?”

मला उत्तर देता येईना. घरात कुणी त्यावर बोलायचंच नाही. पोस्टमॉर्टेम झालं नव्हतं. रात्री पित्त झालं होतं, सोडा घेऊन झोपले आणि उठले नाहीत, एवढीच आमच्या घरातली अधिकृत माहिती. पित्त शब्द तोंडातून निघाला आणि घाटातली जळजळ आठवली. ती सांगितली. म्हणजे सांगून टाकली, जरा ओशाळून.

“सपाटीवर होते?”

“नाही. चढावरच.”

“आणि थांबलात की जाते?”

“मी थांबतच नाही. चालवता चालवता जाते.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. “चढाला येणं आणि अंग गरम झाल्यावर विरणं, पित्तही असं वागतं आणि हृदयही असं वागतं. बाहेरून ओळखू येत नाही. सर्टिफिकेट राहू दे. आधी बघू.”

तपासलंही नीट. दोन्ही हातांचं बीपी वेगवेगळं घेतलं. जांघेतली नाडी चाचपली, महाधमनी कुठे जन्मतः आखडलेली असली तर ती तिथे मंद लागते म्हणे. स्टेथोस्कोप आधी बसवून लावला, मग उभं करून. काही जणांच्या हृदयाचा स्नायू उगाच जाड असतो, त्यातला आवाज उभं राहिलं की वाढतो. हे सगळं पंधरा मिनिटांत, एकाही मशीनशिवाय. नंतर कळलं, की त्यांचे प्रश्न आणि ही तपासणी मिळून अमेरिकेतल्या हार्ट असोसिएशनची खेळाडूंसाठीची चौदा मुद्द्यांची यादी आहे.

ईसीजी पाच मिनिटांचं काम. पण मशीनमधून निघालेल्या कागदावर वरच छापलेलं, ‘सायनस ब्रॅडिकार्डिया, अ‍ॅबनॉर्मल ईसीजी’. हा कागद त्यांनी माझ्याच हातात दिला आणि पाच नंबरच्या केबिनबाहेर बसवलं. आमच्या ह्यांनी तोवर मोबाइलवर शोधून पेसमेकरपर्यंत मजल मारली होती. केबिनमध्ये बाई हसल्या. माझे ठोके मिनिटाला बावन्न. नियमित दमसास लावणाऱ्याचे ठोके विश्रांतीत असे मंद असतातच, एका ठोक्यात हृदय जास्त रक्त फेकतं म्हणून कमी ठोक्यांत भागतं. मशीनला मात्र साठच्या खालचं सगळं नापास. “मशीनला तुम्ही सायकल चालवता हे कुणी सांगितलंय?” त्या म्हणाल्या. ह्यांनी मोबाइल खिशात ठेवला.

त्या संध्याकाळी आईला फोन केला. आई दादाकडे असते, जेलरोडला. इकडचं तिकडचं झाल्यावर विचारलं, “आई, बाबांना जायच्या आधी काही होत होतं का गं?”

ती जरा वेळ गप्प. मग म्हणाली, “त्या आठवड्यात जिना चढून आले की डावा खांदा चोळत बसायचे. म्हणायचे, सायकलचं हँडल जड झालंय. रविवारी सगळी सायकल खोलून ग्रीस भरलं त्यांनी. मंगळवारी गेले.”

“हे तू कधी बोलली नाहीस.”

“कुणी विचारलंच नाही.”

तीस वर्षं. मी फोन ठेवला आणि गॅसवर दूध होतं ते उतू गेलं. पुसत बसले. डोळ्यांसमोर सारखं ते ग्रीस येत होतं. बोटांना लागलेलं काळं ग्रीस रॉकेलने धुवायचे बाबा, मोरीत उकिडवे बसून. ती सायकल नंतर दादाने कॉलेजला वापरली. हलकी चालायची.

दुसऱ्या दिवशी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. अंधारी खोली, डाव्या कुशीवर झोपायचं, डावा हात उशाला, छातीवर गार जेल. डॉक्टर बरगड्यांच्या फटीत तो प्रोब इतका दाबतात, की दोन दिवस तिथे हात लागला तरी कळतं. पडद्यावर माझं हृदय उघडमीट करत होतं. झडपा अशा फडफडत होत्या की पाखराच्या पंखांची आठवण व्हावी. मध्येच आवाज चालू केला तर गावाकडे विहिरीवर इंजिन चालायचं तसला घोंगा. भिंतीची जाडी ९ मिलिमीटर, पंपिंग ६० टक्के. खूप वर्षं कसून खेळणाऱ्यांच्या हृदयाच्या भिंती थोड्या जाड होतात. १२पर्यंत कुणी फारसं मनावर घेत नाही, १३ ते १५ मध्ये मात्र डॉक्टरांना कोडं पडतं, की हा सराव आहे की आजार. माझा तसा काही प्रश्न नव्हता. चाळिशीत सायकल घेतलेल्या बाईचं हृदय काही ऑलिंपिकचं होत नाही.

खरी गंमत ट्रेडमिलची, म्हणजे टीएमटीची. चिठ्ठीवर ‘दोन-तीन तास आधी हलकं खा, चहा-कॉफी नको’ एवढंच होतं, म्हणून मी चपला घालून गेले. परत पाठवलं. दुसऱ्या खेपेला बूट, ट्रॅकपँट, सगळं लेऊन गेले. आत ताई होत्या, त्यांनी कातडी घासून स्पिरिटने पुसली, दहा चकत्या चिकटवल्या आणि वरून जाळीचा बनियन चढवला, वायरी हलू नयेत म्हणून. बायकांना इथे संकोच वाटतो हे खरं. समोरून बटणं असलेला ढगळ शर्ट न्यावा, फार सोपं जातं. मला कुणी सांगितलं नव्हतं.

पट्टा सुरुवातीला ताशी २.७ किलोमीटरने चालतो, म्हणजे देवळात प्रदक्षिणा घालतो त्या वेगाने, पण चढ दहा टक्क्यांचा. दर तीन मिनिटांनी वेगही वाढतो आणि चढही. तिसऱ्या टप्प्यापर्यंत मी टेक्निशियन दादांशी गप्पा मारत होते. चौथ्या टप्प्याला पट्टा ताशी ६.८ आणि चढ सोळा टक्के. मोहदरी घाट त्यापुढे काहीच नाही, शिवाय घाटात गिअर असतात. सायकलवाल्यांच्या मांड्या तयार असतात, पोटऱ्या नाही. त्या पेटल्या. “मॅडम, दांडा घट्ट धरू नका, नुसती बोटं टेकवा,” दादा सारखे ओरडत होते. भार हातावर टाकला की परीक्षा खोटी होते.

वयाप्रमाणे ठोके जास्तीत जास्त किती, तर दोनशे वीसमधून वय वजा करायचं, माझे आले १७३. त्याच्या ८५ टक्के म्हणजे १४७. ठोके १४७ झाले तेव्हा दादा म्हणाले, “झालं मॅडम, टार्गेट आलं, थांबवू?” चिठ्ठीवर डॉक्टरीणबाईंनी ठळक लिहून ठेवलं होतं, की हिला दमेपर्यंत पळवा. नेहमी व्यायाम करणारा माणूस ८५ टक्क्यांवर नुसता तापत असतो, थांबलं की जे दिसायचं तेच दिसत नाही. मी मान हलवली. दहा मिनिटं पन्नास सेकंदांना मी हात वर केला, ठोके १६८. छातीत जळजळ? तीळभर नाही. पण पडद्याकडे बघणाऱ्या ज्युनिअर डॉक्टरची बडबड शेवटच्या मिनिटात बंद झाली होती. तेवढ्यावरून मला कळलं.

ईसीजीच्या रेषेचा एक तुकडा, एसटी म्हणतात तो, १६० ठोक्यांपुढे एक मिलिमीटरभर खाली गेला होता. एक मिलिमीटर! आमच्याकडे एक रुपयाचा फरक आला तरी ताळेबंद जुळेपर्यंत घरी जात नाहीत, तसंच हे. पण हा खाली जाऊन लगेच वर वळत होता आणि मिनिटभरात सरळ झाला. असा वर वळणारा फारसा भरवशाचा पुरावा नाही. त्यातून बायकांमध्ये टीएमटी खोटी पॉझिटिव्ह येण्याचं प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त. बाईंनी हे सगळं कागदावर काढून दाखवलं आणि म्हणाल्या, “दुसऱ्या कुणाला मी घरी पाठवलं असतं. तुमचे वडील एकोणपन्नासला गेलेत.”

सीटी अँजिओग्राफी ठरली. इथवरचा खर्च साडेपाच हजार झाला होता, सीटीचे साडेदहा. मेडिक्लेममध्ये बसत नाही, कारण अ‍ॅडमिट नाही. ह्यांचं म्हणणं, गांगुलीला अ‍ॅटॅक आला तो अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, घरच्या जिममध्ये व्यायाम करताना, २०२१च्या जानेवारीत, आणि तो तर कॅप्टन. तू कशाला पैशांचा विचार करतेस? मी म्हटलं, तो कॅप्टन आहे म्हणूनच त्याला विचार करावा लागत नाही.

सीटीच्या आधी क्रिएटिनिन तपासतात, शिरेतून रंग सोडायचा असतो आणि तो किडनीवाटे जातो म्हणून. हलत्या हृदयाचा फोटो काढायचा तर ठोके साठ-पासष्टच्या आत लागतात. बाहेर बाकावर बसलेल्या सगळ्यांना ठोके उतरवायची गोळी देऊन तासतासभर बसवलं होतं. माझे छप्पन. “तुम्हाला गोळी नको, चला,” असं म्हणून मला रांग मोडून आत घेतलं. सात वर्षांच्या सायकलिंगचा एवढा रोख फायदा कधी झाला नव्हता. जिभेखाली नळ्या रुंदावण्याची गोळी ठेवली, तिने डोकं ठणकायला लागलं. मग रंग गेला. घशापासून खाली गरम लाट जाते आणि थेट असं वाटतं की आपण अंथरूण ओलं केलं. सिस्टरने आधी सांगून ठेवलं होतं म्हणून बरं. मशीन हिंदीतून हुकूम सोडतं, साँस लीजिए, रोकिए. पाच मिनिटांत बाहेर.

रिपोर्ट दुसऱ्या दिवशी. मोठ्या ब्लॉकेजेस नाहीत. पण कॅल्शियम स्कोअर, म्हणजे हृदयाच्या नळ्यांत साठलेल्या कॅल्शियमचा आकडा, २२, आणि समोरच्या मुख्य नळीत, एलएडीत, कोलेस्टेरॉलचा एक छोटा थर, तीस टक्के अडथळा. बावीस हा आकडा ऐकायला किरकोळ. चारशेच्या वर लोकांचे स्कोअर असतात. पण माझ्या वयाच्या बहुतेक बायकांचा तो शून्य असतो. “तीस टक्क्यांनी रक्त अडत नाही, त्यामुळे घाटातली जळजळ याची नाही,” बाई म्हणाल्या. “पण अ‍ॅटॅक काही नेहमी नव्वद टक्क्यांच्या ब्लॉकेजनेच येतो असं नाही. छोटा थर फुटतो, त्यावर गुठळी बसते आणि नळी बंद. आदल्या दिवशी टीएमटी केली असती तर नॉर्मल आली असती.” मला आमच्या काकांची गुळगुळीत फाइल आठवली.

थर का झाला, हा पुढचा प्रश्न. तंबाखू नाही, शुगर नाही, बीपी नाही, वजन बेताचं. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १५१, जे इतकी सायकल मारून मला अपेक्षित नव्हतं. मग त्यांनी एक तपासणी लिहिली, जिचं नावही मी ऐकलं नव्हतं. लायपोप्रोटीन ए. बाराशे रुपये. उत्तर ९२ मिलिग्रॅम. पन्नासच्या पुढे जास्त धरतात.

हे एलडीएलसारखंच कोलेस्टेरॉल वाहणारं कण आहे, त्याला वरून एक जास्तीचं प्रोटीन चिकटलेलं, आणि नळ्यांना ते आणखी त्रासदायक. ते किती असणार हे जवळजवळ सगळं आईबापांकडून ठरून येतं. तूप सोडलं, साखर सोडली, रोज चाळीस किलोमीटर मारले, तरी ते हलत नाही. म्हणून आयुष्यात एकदा तपासलं तरी बहुतेकांना पुरतं. मी रिपोर्ट घेऊन जिन्यात उभी राहिले. बाबांचा असा कुठलाच रिपोर्ट नाही. कुणी म्हणेल, त्यांना हेच होतं हे कशावरून? नाहीच सांगता येणार. पण मुद्दल कुठून आलं असेल याचा अंदाज अकाउंटंटला बांधता येतो.

औषध एकच, रात्रीची कोलेस्टेरॉलची गोळी. आमच्या एका मावसदिरांनी लगेच रक्त पातळ करायची गोळीही सुचवली, तिला बाईंनी या घडीला साफ नाही म्हटलं. अंग अवाजवी दुखलं तर कळवा, असं त्यांनी सांगितलं. शंभर किलोमीटर मारून आल्यावर अवाजवी म्हणजे किती, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. दोन महिन्यांनी एलडीएल ७४ आलं. सत्तरच्या खाली न्यायचंय. सायकल बंद करू का विचारलं तर म्हणाल्या, मुळीच नाही, फक्त घाटात कुणाशी शर्यत लावू नका आणि दडपण आलं तर थांबा, चालवता चालवता घालवू नका.

आणि ती जळजळ पित्ताचीच होती! शनिवारी रात्री साडेदहाला जेवून पहाटे सायकलवर ओणवं झालं की आम्ल वर येतं. आठला जेवायला लागले, महिनाभर पित्ताचं औषध नीट घेतलं आणि मोहदरीतला चटका गेला. म्हणजे ज्याच्यासाठी गेले ते निघालं नाही, भलतंच निघालं.

वारी झाली. त्याबद्दल वेगळं कधीतरी. छातीला ठोके मोजणारा पट्टा बांधून गेले होते, टेंभुर्णीच्या अलीकडे उन्हात त्याची बॅटरी संपली, मग नुसतीच विठ्ठलाच्या भरवशावर.

पण हे प्रकरण माझ्यापाशी संपलं नाही. बाईंनी पहिल्याच रिपोर्टाच्या वेळी विचारलं होतं, भाऊ आहे? भाऊ आहे, एक्कावन्न वर्षांचा, बाबांपेक्षा आता दोन वर्षांनी मोठा. जेलरोडला हार्डवेअरचं दुकान, दिवसभर गल्ल्यावर. त्याचा मुलगा सोळाचा, फुटबॉल खेळतो, शाळेच्या टीममध्ये आहे. दादाला सांगितलं तर म्हणाला, “मला काय धाड भरलीये?” मी म्हटलं, बरं, निदान पोराला पाठव. पोराला पाठवायला त्याची ना नव्हती. फुकटात आत्या घेऊन जातेय.

भाच्याच्या शाळेचा फिटनेसचा फॉर्म मी पाहिला. उंची, वजन, ‘खेळण्यास योग्य’, आणि सही. कुणी त्याच्या छातीला हात लावलेला नव्हता. इतक्या लहान वयात नळीतला थर हे कारण नसतं. पस्तिशीच्या आत मैदानावर जे कोसळतात त्यांच्यात बहुतेक जन्मजात गोष्टी असतात, स्नायू जाड असणं, ठोक्यांच्या विजेतच दोष असणं, नळी भलत्या जागेतून निघणं. भाच्याला यातलं माझ्यापेक्षा जास्त माहीत. “आत्या, डेन्मार्कचा एरिक्सन माहितीये का तुला? २०२१च्या युरोत मॅच चालू असताना पडला. शॉक देऊन उठवला त्याला. आता छातीत मशीन बसवलंय. इटलीत ते मशीन असलं की खेळू देत नाहीत, म्हणून इंग्लंडमध्ये येऊन खेळला.”

बाई त्यावर खूश झाल्या. म्हणाल्या, इटलीत १९८२ सालापासून खेळाडूंना ईसीजीसकट तपासणी कायद्यानेच सक्तीची आहे. त्यांच्या व्हेनेतो भागात खेळाडूंच्या अचानक मृत्यूंचं प्रमाण वर्षाला लाखामागे ३.६ होतं, ते पंचवीस वर्षांत ०.४वर आलं. अमेरिकेत मात्र सगळ्यांचा ईसीजी काढत नाहीत, प्रश्न आणि तपासणीवर भर. कुणाचं बरोबर यावर डॉक्टर लोक अजून भांडतात. माझं तर प्रश्नांनीच काम केलं, पण भांडणात पडायला मी कोण.

“धावताना कधी चक्कर येऊन पडलास?” बाईंनी विचारलं.

“पडलोय ना. पण समोरच्याने पाय घातला म्हणून.”

ईसीजीच्या मशीनने त्यालाही नापास केलं, डावा कप्पा मोठा म्हणून. काटकुळ्या खेळाडू पोरांच्या छातीवर मांसच नसतं, रेषा उंच उमटतात. इको स्वच्छ निघाला. आता फक्त त्या बाराशे रुपयांच्या तपासणीचं रक्त द्यायचं राहिलं होतं, ते दिलं. आठवड्याने उत्तर आलं: ८८.

रिपोर्ट मी दादाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. खाली एवढंच लिहिलं, ‘हे मला आहे, तुझ्या पोराला आहे. मधल्याचं काय?’ दोन निळ्या टिका आल्या. दिवसभर उत्तर नाही. रात्री आईचा फोन आला, ती म्हणाली, “अगं, तो सकाळपासून गप्प आहे. दुपारी दुकान लवकर बंद केलं. मला विचारत होता, बाबांचा कुठला खांदा दुखायचा म्हणून.”

अकराला दादाचा फोन. हॅलो नाही, काही नाही.

“उपाशीपोटी यायचं का?”

“नको,” मी म्हटलं. “हलकं खाऊन ये, चहा तेवढा नको. आणि येताना बूट घाल, चपला नको.”